चाळीस भोकांचा हब

बाबा पडले त्यानंतर आमच्या घरात सायकलचं नाव काढायची सोय उरली नाही. रस्त्यावरून कुणाची घंटी वाजली तरी ओटीवर बसलेले बाबा मान खाली घालायचे आणि ती लांब जाईपर्यंत वर करायचे नाहीत.

पडण्याआधी ते गावातलं दूध गोळा करून सायकलवरून सकाळच्या गाडीला कर्जत स्टेशनवर पोचवत. आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, पण बाजार, दवाखाना, रेल्वे सगळं कर्जतला. गावातून मोठ्या रस्त्याला लागायचं तर एक लांब उतार उतरावा लागे. खडीचा रस्ता, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल भातखाचरं, आणि उतार संपता संपता वळणावर ओढ्यावरची दगडी मोरी. त्या मोरीपाशी बाबा पडले. मी तेव्हा सातवीत होते. शाळेला चालत निघालेल्या आम्ही मुली वळणावर आलो तर आधी मला दूध दिसलं. पांढरा ओघळ धुळीतून ओढ्याकडे चालला होता. मग किटली दिसली, मग आडवी सायकल, आणि मग कठड्याला टेकून बसलेले बाबा. त्यांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता. जवळ जायला माझे पाय उचलेनात. बाकीच्या मुली पुढे धावल्या, मी तिथेच उभी.

त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पुढे ते जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि हातात काठी आली. दुधाचा धंदा गेला. आई आणि मी लावणी-कापणी ओढू लागलो.

पडले कशाने, हे नंतर कळलं. चाकाच्या बरोबर मध्ये जो लोखंडी हब असतो, ज्यातून आस जातो आणि ज्याच्या कडांच्या भोकांतून तारा रिमपर्यंत जातात, तो बाबांच्या मागच्या चाकाचा हब झिजला होता. त्यांनी रस्त्याकडेच्या एका दुकानात तो बदलून घेतला. तिथे त्या मापाचा नव्हता. होता त्याचा आस आखूड होता. सायकलच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात तो जेमतेम पोचत होता आणि दोन्ही बाजूंच्या नटांना धरायला दोन-तीनच आटे मिळत होते. दुकानदार म्हणाला, चालंल. काही महिने चाललंही. मग त्या उतारावर, दोन्हीकडे भरलेल्या किटल्या लटकत असताना, एक नट सुटला, चाक तिरकं होऊन सायकलीत अडकलं आणि माझे बाबा किटल्यांसकट मोरीवर गेले.

एवढ्याशा नटाने घर आडवं होतं, हे मी लहानपणीच पाहिलं. त्यानंतर मला उताराची भीती बसली ती बसलीच. चालत जातानाही त्या वळणावर मी दरडीच्या बाजूने, हाताने गवत धरत उतरायची.

मॅट्रिकनंतर मी पनवेलला मावशीकडे राहून शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. तिथे मैत्रिणींबरोबर भाड्याच्या सायकलवर सपाट मैदानात फेऱ्या मारायला शिकले. घरी ही गोष्ट कधी सांगितली नाही. मग नेमणूक झाली ती कर्जतच्या रस्त्यावरच्या एका गावात. आमच्या घरापासून चालत गेलं तर सकाळ सगळी वाटेतच जायची. गावात एसटी यायची ती तिच्या मनाला येईल तेव्हा. पहिल्या पावसाळ्यात मी चिखलात भिजून, धापा टाकत शाळेत पोचायची तेव्हा मुलं निम्मा वेळ दंगा करून दमलेली असायची. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा म्हणाले की बाई, शाळेच्या गावात खोली घ्या, नाहीतर नोकरी सोडा. खोली घेतली तर घरचं कोण बघणार होतं? लावणी-कापणीला आईला माझा हात लागायचा.

माझे मामा कर्जतला रेल्वेत होते. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई बदली होऊन निघाल्या होत्या. त्यांची लेडीज सायकल पडून होती, मागच्या चाकाचा हब तडकला म्हणून. हबची एक कड फुटून तिथल्या तारा सुटल्या होत्या. बाकी सायकल धड होती. मामांनी निरोप धाडला की पोरीला पाहिजे तर घेऊन जा, हब तेवढा नवा टाकावा लागेल.

निरोप घेऊन आलेला माणूस ओटीवर उभा राहून सगळं बाबांच्या पुढ्यातच बोलला. आई चुलीपाशी होती, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. माणूस गेला तरी बाबा काठीच्या टोकाने जमीन उकरत बसले. मी मनात म्हणत होते, नको म्हणा, एकदाचं नको म्हणा, म्हणजे मलाही सुटल्यासारखं होईल. मला ती सायकल हवी होती आणि नकोही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना त्यांनी मला हाक मारली.

“सायकल घेऊ,” ते म्हणाले. “पन हब मी बगून घेनार. माझ्या डोल्यांदेखत बसला पायजे.”

रविवारी आम्ही एसटीने निघालो. उतार लागला तसे बाबा डोळे मिटून, समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले. मोरीवरून गाडी खडखडत गेली तेव्हा त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. एकमेकांकडे बघितलं असतं तर आम्ही तिथेच उतरून परत फिरलो असतो.

मामांच्या क्वार्टरमधून सायकल ढकलत आम्ही बाजारात आलो. मागचं चाक दारुड्यासारखं डुलत होतं. स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानातला माणूस तरुण आणि बोलका होता. त्याने चाक बघितलं, आत गेला आणि चकाकणारा एक हब घेऊन आला. परदेशी सायकलवरून काढलेला आहे, असा माल कर्जतमध्ये मिळायचा नाही, असं तो म्हणाला. हब खरंच देखणा होता. मी त्याच्या कडांची भोकं मोजली. एका कडेला अठरा, दुसऱ्या कडेला अठरा. आमच्या रिमला मोजली तर चाळीस.

मी त्याला म्हटलं की ही भोकं जुळत नाहीत. तो हसला. म्हणाला, रिमची चार भोकं मोकळी ठेवू, चार तारा कमी झाल्याने काय बिघडतं, तुम्ही काय पोती वाहणार आहात?

बाबांनी सायकलचं हँडल धरलं आणि ती वळवायला सुरुवात केली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मोकल्या भोकाची बाजू ढिली पडते, मंग चाक एका अंगाला वडतं. येक तार तुटली का शेजारची तुटते.” एवढं बोलून ते थांबले. त्यांना धाप लागली होती.

दुसरं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. तिथला म्हातारा दुकानदार कमी बोलायचा. त्याने खोक्यातून चाळीस भोकांचा हब काढला. साधा, जाड, राखी रंगाचा. मी मोजला. वीस आणि वीस. मला वाटलं, झालं काम. त्याने आमचं चाक काढून बाजूला ठेवलं आणि तो नुसता हब आसासकट मागच्या चिमट्यात बसवून बघितला. आसाची टोकं दोन्हीकडून बाहेर आली, पण अगदी थोडी. त्याने नट लावून बघितला. नट पुरता बसला नाही.

“चिमटा जरा दाबून घेतो,” तो म्हणाला. “चालंल.”

तो शब्द बाहेर पडला आणि बाबांच्या हातातली काठी खाली पडली. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. हनुवटी हलत होती. ते पडतील म्हणून मी त्यांचा दंड धरला, तर ते आतून लटलट कापत होते, हिवताप भरलेला माणूस कापतो तसे. दुकानदाराने लगबगीने स्टूल पुढे केलं, पाणी आणलं. बाबांना गिळता येईना, पाणी सदऱ्यावर सांडलं.

म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं की यांना काय होतंय. मी सांगितलं. आखूड आस, दोन आटे, उतार, मोरी, सगळं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता, कारण इतक्या वर्षांत हे मी कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं. बाबा ऐकत होते. त्यांच्यासमोरही कुणी ते कधी बोललं नव्हतं.

म्हाताऱ्याने तो हब खोक्यात टाकून दिला आणि सगळं खोकंच बाबांच्या पायाशी आणून ठेवलं. म्हणाला, “दादा, तुमीच काढा. तुमच्या मनाला येईल तोच बसवतो. नाय आला तर आज नाय बसवायचा.”

बाबांना बराच वेळ लागला. हब हातातून निसटून खोक्यात पडायचा. मी भोकं मोजायची, ते आस मोजायचे, चिमट्याला लावून. नटावर आसाचं टोक अंगठ्याच्या नखाइतकं तरी वर यायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. असे दोन निघाले. मग प्रश्न आला फ्रीव्हीलचा. पायडल थांबवलं तरी जे मागे टकटक करत फिरत राहतं ते दातेरी चक्र हबवर आट्यांनी बसतं. बाईंच्या सायकलचं फ्रीव्हील चांगलं होतं, तेच वापरायचं होतं. पहिल्या हबवर ते एक फेरा गेलं आणि अडकलं. म्हाताऱ्याने पाना उचलला.

“जोर नको,” बाबा म्हणाले. “जोर लावून बसवलं तर आटे मरतील. चढावर पाय मारला का सुटंल.”

दुसऱ्या हबवर फ्रीव्हील नुसत्या बोटांनी फिरत फिरत शेवटपर्यंत गेलं. बाबांनी ते काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग आस दोन बोटांत धरून हब कानाशी नेला आणि फिरवला. मलाही ऐकायला लावलं. आतल्या छर्ऱ्यांचा एकसारखा बारीक आवाज येत होता. खरखर नव्हती.

“हा बसवा,” ते म्हणाले.

म्हाताऱ्याने अजून एक गोष्ट दाखवली. या हबच्या कडा जुन्याहून मोठ्या होत्या, म्हणून जुन्या तारा लांब पडत होत्या. तशाच ओवल्या असत्या तर टोकं रिममधून वर येऊन ट्यूब फोडत बसली असती. त्याने नव्या तारा घेतल्या. सगळ्या ओवून, चाकाचा आऊट काढून, ते डुलेनासं होईपर्यंत दुपार टळली. बाबा स्टुलावरून हलले नाहीत. जेवायला मामांकडे चला म्हटलं तरी आले नाहीत. शेवटी नट आवळले तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याकडून पाना मागून घेतला आणि दोन्ही नटांवर स्वतः एकेकदा जोर दिला.

सायकल एसटीच्या टपावरून घरी आली. मी लगेच चालवायला घेतली नाही. आज पाऊस आहे, उद्या डोकं दुखतंय, असं करत आठवडा घालवला. मग एका सकाळी आई म्हणाली की पोरी, भ्यायला झालं असंल तर राहू दे, आपण चालत जाऊ, मी येते सोबत. तिच्या तोंडचं ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली आणि मी सायकल अंगणात काढली.

गावातला सपाट तुकडा नीट गेला. उतार लागला. मी मागचा ब्रेक दाबून धरला होता, चाक हळूहळू फिरत होतं. थोडं खाली गेले आणि मागून आवाज आला. टिंग. तार तुटावी तसा. पुन्हा टिंग, लगेच आणखी एक. मला पुढचा रस्ता दिसेना, फक्त मोरी दिसू लागली, ती अजून कितीतरी खाली होती तरी. ब्रेक पुरता आवळून, पाय घासत मी दरडीला सायकल टेकवली आणि उतरले. मी रस्त्यातच बसले.

मग बसल्या बसल्या तारा तपासल्या. एकेक बोटांत धरून, चाक थोडं थोडं फिरवत. सगळ्या जागच्या जागी होत्या. एकही तुटली नव्हती. मला काहीच कळेना. तुटली असती तर निदान भीतीला कारण तरी सापडलं असतं. मी सायकल हातात धरून उतार चालत उतरले, आणि संध्याकाळी चढही चालत चढले.

बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. रविवारी मी सायकल उतार हाताने उतरवून कर्जतला नेली. म्हाताऱ्याने चाक फिरवून बघितलं आणि सांगितलं की नव्या तारा पहिल्यांदा वजन आलं की भोकांत बसतात, पीळ सोडतात, तेव्हा अशा वाजतात. त्याने सगळ्या तारा पुन्हा ताणून दिल्या. त्यानंतर त्या वाजल्या नाहीत. पण मला ऐकायची सवय लागली ती लागलीच. शाळेला जाताना वाटेत कुणी बोलायला सोबत आलं तर मला नको व्हायचं. माझा अर्धा जीव मागच्या चाकाच्या आवाजात असायचा. उताराच्या वळणाआधी मी रोज उतरायची आणि मोरी ओलांडून पुन्हा बसायची. तेवढा तुकडा बसून जायला कधी धीर झाला नाही.

असं एक वर्ष गेलं. वैशाखात शाळेला सुट्टी होती. त्या दिवशी गावातलं निम्मंअधिक माणूस पलीकडच्या वाडीत लग्नाला गेलेलं, बैलगाड्यासुद्धा तिकडेच. दुपारी आई परसात पावसाळ्यासाठी जळणाची फाटी रचत होती. तिने एकदा नुसतं “आय गं” म्हटलं. मी गेले तर ती बोट दाबून उभी होती आणि फाट्यांखाली लाल इंचू, म्हणजे विंचू, जाताना मी पाहिला.

आमच्याकडे काळ्या इंचवाला कोणी एवढं भीत नाही. लालला भितात. वर्षाआड कुणी ना कुणी त्याने जायचं. थोड्या वेळात आईला दरदरून घाम सुटला. लुगडं पाण्यातून काढल्यासारखं ओलं झालं. मग ती ओकली. हात धरला तर भर उन्हाळ्यात बर्फासारखा. शेजारची म्हातारी म्हणाली की मंत्र घालणारा आहे, पण तोही लग्नालाच गेलाय. एसटी संध्याकाळशिवाय नव्हती, आली तर.

मी बाबांकडे बघितलं. ते ओटीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांची नजर भिंतीला टेकलेल्या सायकलीवर होती. मीही तिकडेच बघत होते. आईला तेवढ्यात पुन्हा उमासा आला. बाबांनी आत जाऊन पाना आणला.

सुट्टीत सायकल पडून होती. त्यांनी खाली बसून दोन्ही नट तपासले. मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला. हात इतके कापत होते की पाना नटावर नीट बसत नव्हता, तरी त्यांनी मला तो दिला नाही. मग म्हातारीने आणि मी आईला उचलून कॅरिअरवर बसवलं. तिचा काष्टा होता, म्हणून दोन्हीकडे पाय टाकून बसवता आली. एका जुन्या लुगड्याने तिला माझ्या कमरेशी बांधली. तिचं डोकं माझ्या पाठीवर पडलं.

बाबा जवळ आले. म्हणाले, “उतरू नको कुठं. उतरलीस तर तिला परत बसवता याची नाय. मागचा ब्रेक धर, पुडला दाबू नको. हब जानार नाय. बाकीचं तुज्या हातात.”

आणि त्यांनी मागून सायकल ढकलली.

दोघींचं वजन घेऊन सायकल उतारावर कशी धावते, हे मला माहीत नव्हतं. ब्रेक दाबला होता तरी ती माझ्या हातातून पुढे पळत होती. खडी चाकाखालून उडून दरडीवर आपटत होती. फ्रीव्हीलची टकटक इतकी जलद झाली की तिची नुसती एक घूं घूं झाली. जळक्या रबराचा वास येऊ लागला, तो ब्रेकचा होता. आई मधेच ढिली पडायची, एका अंगाला कलायची, आणि तिच्याबरोबर सगळी सायकल खाचरांच्या बाजूला जायची. मी दुसऱ्या अंगाला वजन टाकून ती परत आणायची. मला रडू येत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं असतं तर रस्ता दिसला नसता, म्हणून मी मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते ते आठवत नाही. बहुतेक शाळेतले पाढे.

वळणावर मोरी दिसली आणि मोरीवर म्हशी होत्या. चार-पाच, ओढ्यातून वर येऊन निवांत उभ्या. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. मी ओरडले, घंटी वाजवली. एक हलली, बाकीच्या नाहीत. ब्रेक पुरता आवळला. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि खडीवर घसरू लागलं. आता चाक तिरकं होतंय, आता अडकतंय, असं मला वाटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे दूध दिसलं, खरोखर दिसलं. मी ब्रेक सोडला. कठडा आणि शेवटची म्हैस यांच्यामध्ये जेवढी जागा होती तिच्यात हँडल घातलं. माझा गुडघा म्हशीच्या पोटाला घासला. कोपर दगडाला लागून सोललं. आणि आम्ही पलीकडे होतो. सपाटीवर सायकल आपोआप मंद झाली तेव्हा मला कळलं की मी श्वास घेतलाच नव्हता.

पुढचा रस्ता सपाट होता, पण तो कसा गेला ते मला सांगता यायचं नाही. आई ओकत होती, माझी पाठ ओली होत होती, आणि तिचा एक हात माझ्या पोटावर होता तो गार होत चालला होता. हाका मारल्या तर ती ओ देईना. कर्जतच्या सरकारी दवाखान्याच्या दारात दोन माणसांनी धावत येऊन लुगड्याची गाठ सोडली. गाठ इतकी आवळली होती की शेवटी कापावी लागली. डॉक्टरांनी तिला आत घेतलं. मला बाहेरच्या बाकावर बसवून कुणीतरी माझ्या कोपराला औषध लावलं, ते मला झोंबलंसुद्धा नाही.

बाबा दिवस मावळायच्या सुमारास आले. काठी टेकत उतार एकटे चालत उतरले होते आणि पुढे एका ट्रकने त्यांना आणलं होतं. ते बाकावर माझ्या शेजारी बसले. आईचं त्यांनी विचारलं, मी सांगितलं की अजून काही म्हणत नाहीत. मग आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. ती वाट बघणं उताराहून भयंकर होतं. उतारावर निदान हातात ब्रेक होता.

आई वाचली. तिला काही दिवस तिथेच ठेवलं. छातीत धडधड होत होती, डॉक्टर हलू देत नव्हते. बोलायला लागल्यावर मी तिला विचारलं की आई, तुला वाटेतलं काही आठवतं का.

“मोरीपर्यंतचं आठवतं,” ती म्हणाली. “तुज्या पाठीला कान लागलेला माजा. तुजं काळीज असं वाजत हुतं, मला वाटलं हिचंच आदी बंद पडंल. म्हनून मी डोले नाय मिटले. म्हटलं, ही एकटी घाबरंल.”

मी तिचा हात धरला, तो आता ऊन होता.

भीतीने मला नंतर गाठलं. आई घरी आल्यावर मी सायकलला हातच लावला नाही. ती अंगणात दिसली तरी मी तोंड फिरवायची. स्वप्नात म्हशी यायच्या. शाळा सुरू व्हायला आली तसं मी ठरवलं की सायकल विकून टाकावी आणि चालत जावं, काय व्हायचं ते होवो. तसं घरात बोलून दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं. विकू नको असंही ते म्हणाले नाहीत. दोन्ही चाकं काढून त्यांनी ओटीवर घेतली, हब उघडला, छर्रे रॉकेलात धुतले, नवं ग्रीस भरलं, पुन्हा सगळं बसवलं. हे करताना त्यांचे हात कापत नव्हते, हे माझ्या आणि आईच्या एकदमच लक्षात आलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी सायकल घेऊन निघाले. उताराच्या तोंडाशी उतरले, चालू लागले. पुढच्या आठवड्यात निम्म्या उतारापर्यंत बसून गेले. मोरी बसून ओलांडायला श्रावण उजाडला, आणि तेव्हाही मी मुलांचे पाढे मोठ्याने म्हणतच ती ओलांडली.